दोनदा लुकलुकलेलं विमान

धाराशिव जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं सोलापुरात मला अजून लोक विचारतात. तुळजाभवानी आहे, नळदुर्गचा किल्ला आहे. ते बघून आलेले पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. मी तिकडे गेले आणि आले, पण यातलं काही धड बघितलं नाही. मी बघितलं एक विमान, आणि तेही आकाशातच. ते उतरलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. आज मी त्या गावात दवाखाना चालवत राहिले असते.

गावाचं नाव लिहीत नाही. बेंबळीच्या पुढं आहे एवढं पुरे. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना एकमेकांशिवाय चालत नाही.

घाट चढून

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पलीकडे नवे दवाखाने निघणार, शिकलेल्या नर्सा हव्यात, असं आमच्या इस्पितळातल्या मेट्रनबाईंनी सांगितलं आणि मी अर्ज केला. मला मागंपुढं कोणी नव्हतं. एक मावशी होती, तिनं तेवढं विचारलं, "मोगलाईत जातेस?" राज्य गेलं तरी सोलापूरकरांच्या तोंडातून मोगलाई गेलेली नव्हती.

नेमणूक कच्ची होती. गावकऱ्यांनी दवाखान्याच्या दोन खोल्या आपल्या हातांनी बांधल्या होत्या. मंत्री येऊन उद्घाटन करणार, त्याच सभेत जागा मंजूर झाल्याचं सांगणार, मग माझा हुकूम पक्का. तोवर आधी येऊन खोल्या मांडून ठेवा, असा निरोप होता.

सोलापूरहून मोटार निघाली तेव्हा माझ्या शेजारी तुळजापूरचे एक पुजारी बसले होते. त्यांची दाढ दुखत होती. मी नर्स आहे हे कळल्यावर त्यांनी घाटाच्या ऐन वळणावर तोंड उघडलं आणि म्हणाले, "बघा बरं कोणती." मोटार अशी उसळत होती की मला त्यांच्या तोंडात टाळूशिवाय काही दिसेना. मंत्री विमानानं येणार आहेत हे मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी तोंड मिटलं. "देवीला यायला सवड नाही, आणि माळावर उतरतात?" एवढं बोलून तुळजापूर येईपर्यंत ते गालावर हात धरून बसले. जुन्या हद्दीवरचं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं वाटेत लागलं. दार मोडलेलं, आत शेळ्या. राज्य गेलं म्हणजे काय होतं, हे मला त्या शेळ्यांवरून जेवढं कळलं तेवढं वर्तमानपत्रांतून कळलं नव्हतं.

धाराशिवच्या मोटारतळावर गावचे पुढारी दत्ताअण्णा दमणी घेऊन आले होते. पन्नाशीचे, अंगात खादीचा सदरा, उजव्या हाताची बोटं बंदुकीचा बार उलटून अर्धी गेलेली. निजामाविरुद्ध सरहद्दीवर जे कॅम्प होते, त्यातल्या एकात ते आणि हे मंत्री बरोबर होते. "एका ताटात जेवलो बाई आमी," ते बैल हाकताना म्हणाले. "त्येंनी सबूद दिला व्हता, दत्ता, तुझ्या गावाला येणार. मोटारीनं दिवस मोडतो म्हणले, माळ साफ कर, इमानानं येतो." हे त्यांनी बेंबळी येईपर्यंत मला तीन वेळा तरी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी 'दत्ता' हा शब्द मंत्र्यांच्या आवाजात म्हणून दाखवला.

बेंबळीच्या पुढच्या ओढ्यात दमणीचं चाक दगडावर चढलं आणि माझी पत्र्याची ट्रंक घसरून पाण्यात पडली. आत इस्त्रीचे पांढरे कपडे होते. अण्णा गुडघाभर पाण्यात उतरले, ट्रंक खांद्यावर घेऊन वर आले आणि हसून म्हणाले, "दवाखान्याला गंगास्नान झालं."

माणूस वाईट नव्हता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं वाचताना तसं वाटणार नाही.

गाव

आमच्याकडे पाहुणा आला की चहा टाकतात. इथं आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी येतं. ते घेतल्याशिवाय कोणी काही विचारत नाही. अण्णांच्या घरी, त्यांच्या बायकोला मी काकू म्हणे, त्या येसराची आमटी करत. ती पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढते आणि तिसऱ्या घासाला सोडवत नाही. रानात ज्वारी हुरड्यावर आली होती. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, शेंगाच्या चटणीबरोबर खायची. अर्जाला दरखास्त म्हणतात, नेमणुकीला हुकूम, आणि मराठी बोलता बोलता मधेच कोणीतरी 'लेकिन' म्हणतं. मला ते गोड वाटलं.

दवाखाना गावाच्या कडेला होता. काळ्या दगडाच्या दोन खोल्या, वर पत्रे, भिंतींना चुना. बायकांनी डोक्यावर दगड वाहिले होते. कोणता दगड कोणी आणला हे त्यांना पाठ होतं. एक म्हातारी मला रोज हात धरून न्यायची आणि चौकटीखालचा एक धोंडा दाखवून म्हणायची, "ह्यो माझा."

दुसऱ्याच दिवशी काकू एका पोटुशीला घेऊन आल्या. जैनब तिचं नाव. महबूबचाचांची सून. महबूबचाचा म्हणजे गावातले शोभेच्या दारूचं काम करणारे, अताशबाज. नळे, बाण, चक्रं, महताबा. पूर्वी जहागीरदारांच्या लग्नांना आणि निजामाच्या सालगिरहला त्यांचा माल धाराशिवपर्यंत जाई. आता देवीची जत्रा आणि दिवाळी तेवढी उरली होती. जैनबचा नवरा सोलापूरच्या गिरणीत होता. तिची आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती. मी पोट तपासलं. मूल आडवं होतं.

"दवाखाना सुरू झाला की रोज इथं यायचं," मी तिला सांगितलं. "दिवस भरायच्या आत नीट झालं तर ठीक. नाहीतर सोलापूरला न्यावं लागेल, घरात हे बाळंतपण होणार नाही."

जैनबनं काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "आता बाई आल्यात न्हवं? मग कशाला भ्यायचं." ती बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच मला सांगितलं, "ह्येंची लई दैना झाली हो पोलीस ॲक्शनात. आमच्या ह्यांनी समद्यास्नी माळ्यावर कडब्यात लपवलं. आठ दिस. म्या वर भाकरी टाकायची. महबूबचा थोरला लेक तेवढा रानात व्हता. त्यो घावला." त्यापुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

मंत्री यायच्या आदल्या दिवशी महबूबचाचा कागदाच्या नळ्या घेऊन अण्णांच्या अंगणात आले. उंच, वाळकी मूर्ती, बोटं कायमची पिवळी. विमान दिसलं की माळाच्या दोन्ही कडांनी महताबा, म्हणजे रंगीत उजेडाच्या नळ्या, पेटवायच्या, असा बेत होता.

"अण्णा, हिरवी लावू का?" ते म्हणाले. "हिरवी करणं लई अवघड. हिरवी लांबून साजरी दिसती. मंत्रीसाब वरून बघतील तर खूश व्हतील."

"खुळा का काय, महबूब?" अण्णा म्हणाले. "हिरवी बघून काय म्हणतील? आजून निजामाचंच राज्य हाय का काय, म्हणतील. लाल लाव. लाल म्हंजी कुंकू."

"जी," महबूबचाचा म्हणाले आणि हिरव्या नळ्या वेगळ्या करून परत पिशवीत ठेवल्या. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही.

माळावर

विमान दुपारी यायचं होतं. सकाळपासून गाव माळावर. दगड वेचून, मुरूम चोपून, बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरनं सांगितल्याप्रमाणे चुन्याचे पट्टे मारलेले. वारा कळावा म्हणून एका टोकाला ओल्या गवताचा धूर. लेझीम, तुतारी, आरत्या घेतलेल्या सवाष्णी. दुपारपर्यंत लेझीम झालं. मग लोक सावली शोधू लागले, आणि माळावर सावली नव्हती. कुंभाराची गाढवं पट्ट्यांवर येऊन उभी राहायची, त्यांना हाकलायला माणसं धावायची, ती तेवढीच करमणूक. ऊन कललं तसा ओव्हरसियर म्हणाला, "आता काही येत नाहीत," आणि सायकलीवर बसून निघून गेला. अण्णा मात्र हलले नाहीत. फेट्याचा शेमला पुनःपुन्हा नीट करत उभे होते.

सूर्य बुडाला. बायका आरत्या झाकून उठायला लागल्या, आणि उत्तरेकडून आवाज आला.

विमान बघितल्यावर माणसं ओरडतात असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाहीत. "महबूब!" अण्णांनी हाक मारली. दोन्ही कडांनी महताबा पेटल्या. काय उजेड तो! माळ, चुना, पत्रे, बायकांचे चेहरे, माझे पांढरे कपडे, सगळं लालभडक. विमानानं डोक्यावरून एक घिरटी घातली. इतकं खाली आलं की पंखाखालची अक्षरं दिसली. मग त्याच्या पंखांतले मोठे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, पुन्हा विझले, आणि नाक वर करून ते सोलापूरच्या दिशेनं निघून गेलं.

आता माणसं ओरडली. "डोळं मिचकावलं! इमानानं डोळं मिचकावलं!" तुतारी वाजायला लागली. कोणी म्हणालं, मंत्र्यांनी रामराम केला. कोणी म्हणालं, आज उशीर झाला, उद्या येतो, असं सांगून गेलं. एका म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवून दोन्ही हात जोडले. महबूबचाचांना लोकांनी मिठ्या मारल्या. त्यांच्या महताबा बघूनच तर दिवे लावले होते. ते लाजून हात पुसत होते.

वाटेत काकूंनी मला विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. इमान दिवं कशापायी लुकलुकवतं हो?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"चांगलंच कायतरी आसंल," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी गावात कोणी दुःखी नव्हतं. ते दृश्य मी मुद्दाम आठवते, कारण तसं पुन्हा बघितलं नाही.

डाक बंगला

दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा माळावर जाऊन बसले. दुपारी धाराशिवहून एक सायकलवाला आला. मंत्री सोलापूरला उतरून मोटारीनं धाराशिवला आलेत, डाक बंगल्यात आहेत, असं तो म्हणाला. अण्णा तिथूनच निघाले. माझा हुकूम घ्यायचा म्हणून मीही गेले.

डाक बंगल्याच्या आवारात मोटारी, शिपाई, हार. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. अण्णांच्या हातात हुरड्याचं फडकं होतं. खूप वेळानं मंत्री बाहेर आले. गोरे, हसरे, कपाळावर देवीचा मळवट. अण्णा पुढं झाले.

मंत्र्यांनी हात जोडले. "आपण?"

मी अण्णांच्या पाठीमागं होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. आवाज ऐकू आला. "मी दत्ता, साहेब. कॅम्पातला."

"हां, हां, दत्ताजी! अहो, तुमच्या गावानं तर आम्हाला लाल बावटा दाखवला!" ते मोठ्यानं हसले, तशी भोवतालची माणसंही हसली. "असू द्या, असू द्या. लोकशाही आहे. ज्याला जे दाखवायचं ते दाखवेल." आणि मोटारीत बसले. मोटार गेल्यावर त्यांच्या चिटणिसानं मला सांगितलं, "बाई, ती जागा आता कळंबच्या बाजूला दिली. हुकूम मागून येईल."

"लाल बावटा?" अण्णा मला विचारत होते. "कुणी दाखवला लाल बावटा?"

व्हरांड्यात एक तरुण वेताच्या खुर्चीत बसून पेरू खात होता. कोटावर पितळी पंख. हा विमान चालवणारा, हे मला कळलं. मी सरळ त्याच्याकडे गेले आणि विचारलं की काल तुम्ही दिवे का लुकलुकवले. त्याचं बोलणं हैदराबादी हिंदीत होतं, ते मी मराठीत लिहिते.

"तुम्ही लाल उजेड दाखवलात ना," तो म्हणाला. "जमिनीवरून लाल म्हणजे उतरू नका. सगळ्या जगात तसंच आहे. मग पायलटनं कळवायचं असतं की तुमची खूण दिसली, कळली. दिवसा पंख हलवतात. अंधार पडायला लागला की दिवे दोनदा लावायचे आणि मालवायचे. म्हणजे, कळलं."

"आणि उतरा म्हणायचं असलं तर?"

"हिरवा दाखवायचा."

अण्णा माझ्या शेजारी येऊन उभे राहिलेले मी बघितलं नव्हतं. त्यांनी लिंबाच्या झाडाकडे तोंड वळवलं.

"पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," पायलट पेरूची फोड पुढं करत म्हणाला. "आधीच्या मुक्कामी साहेबांचं जेवण लांबलं. तुमच्या माळावर आलो तोवर उजेडच गेला होता. दिव्यांशिवायच्या जागी मी उतरणारच नव्हतो. साहेबांना गाव वरून दाखवावं म्हणून एक फेरी मारली. तुम्ही लाल, हिरवा, काहीही लावलं असतं तरी मी गेलोच असतो."

"मग साहेबांना हे सांगितलंत का?"

"सांगितलं. पण त्यांना बावट्याचीच गोष्ट जास्त आवडली."

परतीच्या वाटेवर अण्णा ओढा ओलांडल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, हे गावात बोलायचं न्हाय."

मी हो म्हणाले. मला वाटलं, ते महबूबचाचांना जपताहेत.

चावडी

सकाळी मी दवाखान्याच्या खोल्यांतलं सामान बांधत होते, तेव्हा धोंडा दाखवणारी म्हातारी आली. ती रडत होती. "त्या अताशबाजानं घात केला," ती म्हणाली. "लाल दिवा दावला म्हणून इमान माघारी गेलं. अण्णांनी चावडीत सांगितलं."

तिथं चावडीत बायका जात नाहीत. मी गेले. वाळवूनही डाग राहिलेले माझे पांढरे कपडे घालून गेले. अण्णा ओट्यावर बसले होते, महबूबचाचा खाली खांबाशी उभे होते, आणि जी माणसं परवा त्यांना मिठ्या मारत होती ती आता त्यांच्यावर ओरडत होती.

"मोगल गेले पर ह्येंची खोड जात न्हाय," एकजण म्हणाला.

"मी पायलटशी बोलले आहे," मी म्हणाले. "त्यानं माझ्यासमोर सांगितलं. मंत्र्यांना जेवायला उशीर झाला, उजेड गेला होता. लाल नसतं तरी विमान उतरलं नसतं. अण्णाही तिथंच होते. विचारा त्यांना."

कोणी विचारलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईची नोकरी गेली, म्हणून बोलतात." दुसरा म्हणाला, "त्या उद्या सोलापूरला जातील. दवाखाना गेला त्यो आमचा."

"बरं," मी म्हणाले, "मग एवढं तरी सांगा. हिरवी नको, लाल लाव, असं कुणी सांगितलं?"

चावडी शांत झाली. अण्णांनी आपल्या तुटक्या बोटांकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. अजूनही वाटतं, आणखी क्षणभर तशीच शांतता राहिली असती तर ते बोलले असते.

"म्याच लावली," महबूबचाचा म्हणाले. "माझ्या मनानं. मला म्हायती नव्हतं, बाई. चूक झाली."

संपलं. सगळ्यांचे खांदे सैल पडले. पुढच्या जत्रेचं काम याला द्यायचं नाही, असं ठरलं. शिवाय दारू गावात ठेवणं धोक्याचं, ही गोष्ट कोणाला तरी तेव्हाच आठवली. चार-पाचजण त्यांच्या छपरीत गेले. मडकी, गंधक, कुटायचं लाकडी उखळ, सगळं उचलून पडीक विहिरीत टाकलं. उखळ तरंगत राहिलं, तेव्हा वर दगड टाकले.

मी त्यांच्या घरी गेले. रागानं मला नीट बोलता येत नव्हतं. "खोटं का बोललात?"

ते उंबऱ्यावर बसून हात बघत होते. "बाई, त्या आठ दिसांत अण्णांनी मला एकदाबी इचारलं न्हाय, आणखी किती दिस ऱ्हाणार म्हणून. घरात दाणा नव्हता त्येंच्या. आन् आज चार माणसांत म्या इचारू, का अण्णा, लाल कुणी सांगितली?"

अण्णांनी त्यांचा जीव वाचवला होता हे खरं, आणि तो वाचवलेला जीव अण्णा असा वापरत होते हेही खरं. मी जैनबला म्हणाले, "कपडे बांध. तू माझ्याबरोबर सोलापूरला येतेस."

घाट उतरून

दमणी अण्णांनीच जुंपली. जैनबसाठी खाली कडबा पसरला, वर वाकळ घातली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. काकूंनी भाकरी, शेंगाची चटणी आणि बाळासाठी जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे दिले. मला म्हणाल्या, "बाई, राग धरू नका." कोणावर ते त्यांनी सांगितलं नाही. ओढ्यात अण्णा उतरून बैलांपुढं चालले, चाकाला धक्का बसू नये म्हणून. धाराशिवला मोटारीत बसवेपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मीही त्यांना रामराम केला नाही.

सुनेबरोबर निघालेले महबूबचाचा मोटारीत माझ्या मागच्या बाकावर होते. तुळजापूर मागं पडल्यावर ते पुढं वाकून म्हणाले, "बाई, एक इचारू? त्यानं दिवं का लुकलुकवले? म्हंजी त्येचा मायना काय व्हतो?"

या सगळ्यात तेवढं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

"त्याचा अर्थ, कळलं," मी म्हणाले. "तुमचं म्हणणं मला समजलं, असा."

घाट उतरत होता, खाली सोलापूरकडचं सपाट रान दिसायला लागलं होतं.

"समजलं म्हणला," ते म्हणाले. "आमी तर 'या' म्हणत व्हतो."

इस्पितळात आमच्या डॉक्टरीणबाईंनी जैनबला ठेवून घेतलं. मूल शेवटपर्यंत आडवंच राहिलं. पोट उघडावं लागलं. मुलगी झाली. रंगानं काळीसावळी, आवाज इतका मोठा की शेजारच्या खोलीतल्या बायका उठून बघायला आल्या. त्या गावात घरच्या घरी हे बाळंतपण झालं असतं तर दोघींपैकी एकही वाचली नसती, हे मी नर्स म्हणून लिहिते.

माझा हुकूम मागून आलाच नाही. कळंबच्या बाजूला दवाखाना निघाला की नाही, मी चौकशी केली नाही. मेट्रनबाईंनी मला जुन्या जागेवर परत घेतलं आणि एकदाही काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

महबूबचाचा मुलाच्या खोलीत राहिले. एका वखारीत लाकडं रचायचं काम मिळालं. आठवड्यातून एकदा नातीला दाखवायला घेऊन येत आणि फार बोलत नसत. बोटांचा पिवळेपणा कमी झाला होता. मी एकदा सहज म्हणाले, इथंही दारूकाम करणारे आहेत, ओळख काढू का? त्यांनी मान हलवली. "कुणाच्या जत्रंची करू, बाई?"

मग चैत्र लागायच्या सुमाराला ते अवेळीच, भर दुपारी इस्पितळात आले. धुतलेला सदरा, डोक्याला नवी टोपी, कडेवर मुलगी. मला वाटलं हिला ताप आला. मी हात पुढं केला तर ते हसत होते. इतकं हसताना मी त्यांना माळावरसुद्धा बघितलं नव्हतं.

"गावाकडून माणूस आला व्हता," ते म्हणाले. "जत्रा तोंडावर आली. दुसरा अताशबाज घावला न्हाय. दवाखान्याच्या खोल्यांत अण्णांचा कडबा हाय, त्यातली एक रिकामी करून देतो म्हणले, दारू करायला. उद्याच्या मोटारीनं निघतो."

"तुम्ही परत जाणार?"

"जाणार तर! माझं गाव हाय, बाई." त्यांनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आवाज खाली आणला, जणू चांगली बातमी मोठ्यानं सांगितली तर नासेल. "अण्णांनी मला माफ केलं."

मुलगी भुकेनं रडायला लागली होती. मी तिला त्यांच्या हातांतून घेतलं आणि आत, त्यांच्याबरोबर आलेली जैनब बाकावर बसली होती तिकडे घेऊन गेले.